झिऱ्याला लोखंड

मंडळाचे लोक माझ्या घरी पहिल्यांदा आले ते बायको गेल्यावर पाचव्या दिवशी. सहा-सात जण होते, सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टीशर्ट, छातीवर पाण्याचा थेंब छापलेला. मयतीच्या घरी असे कपडे घालून कोण येतं? दारात चपला काढायच्या की नाही यावर त्यांची कुजबुज चालली. मी खाटेवर होतो. म्हटलं, काढा नाहीतर नका काढू, बोलायचं ते बोला आणि जा.

त्यांचा पुढारी म्हणजे आमच्या गावातला कृषी केंद्रवाला. बियाण्याचं न् औषधाचं दुकान आहे त्याचं, आणि नाल्याच्या काठाला ओलिताचं वावर. तो म्हणाला, "आबाजी, टेकडीवरच्या मोठ्या चराले काकूचं नाव द्याचं ठरलं मंडळात. पाटी लावू."

"कायले?"

"त्याइनं लय श्रमदान केलं ना. आठवण राहीन."

"मले हाय आठवण. तुमाले पाटी वाचल्याबिगर आठवत नसन तं तुमचं तुमी पाहा."

गेले. एकाने जाता जाता माझ्या घराचा फोटो काढला. मी चप्पल उचलली होती, पण तो मोटरसायकलवर बसला.

माझं शिक्षण चौथी. लिहिताना चुकतो. पण हे सगळं गावात तोंडातोंडी फिरतं आहे आणि प्रत्येक तोंडात वेगळं आहे, म्हणून जसं झालं तसं लिहून ठेवतो. मी कोणाची गोड बाजू घेणार नाही. माझीही नाही.

मंडळ म्हणजे पाणलोट मंडळ. गावातले काही, यवतमाळचे काही. उन्हाळ्यात टेकडीवर आडवे चर खोदायचे, पावसाचं पाणी त्यात अडवायचं, जिरवायचं, म्हणजे खाली नाल्याला आणि विहिरींना पाणी टिकतं, असं त्यांचं काम. कोणी मजुरी घेत नाही. माझी बायको गेली त्या सालच्या उन्हाळ्यात रोज जायची. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या अंगाला आहे, टेकडी वरच्या अंगाला. पासष्ट वर्षांची बाई टिकास घेऊन एवढं चढायची आणि उन्हं तापल्यावर केसांत मुरूम घेऊन परत यायची.

मी म्हणायचो, "वरच्या लोकाइच्या विहिरी भरासाठी तू कायले मरून राह्यली?"

"पानी काय वस्ती इचारून मुरते काय?" ती म्हणायची आणि भाकरी टाकायला बसायची.

मला तिचं उत्तर आवडलं नव्हतं. आजही आवडत नाही. माझ्या बापाच्या वेळी गावच्या विहिरीवर आम्हाला गुंड, म्हणजे पाण्याचा घडा, बुडवता येत नव्हता. वस्ती विचारूनच पाणी मिळत होतं तेव्हा.

म्हणून तर आमचा झिरा. नाला वाहायचा थांबला की त्याच्या वाळूत खड्डा काढतात, त्यात खालून पाणी झिरपत येतं, तो झिरा. वस्तीच्या मागे नाला वळतो तिथे आमचा आहे, आज्याच्या काळापासून. आता वस्तीत नळ आले आहेत, पण नळाला बोअरचं पाणी. जड. त्यात तुरीची डाळ दोन तास उकळली तरी दाणा तसाच राहतो, आणि वस्तीतल्या लेकरांचे दात पिवळे पडले. प्यायला आणि डाळीला पाणी झिऱ्याचंच.

झिरा हे बायकांचं काम. नाला आटला की वस्तीतल्या बायका जमून तो उघडतात. हाताने आणि नारळाच्या नरोटीने वाळू काढतात. फावडं नाही, खुरपं नाही, घमेलंसुद्धा लाकडाचं किंवा प्लास्टिकचं. पांढरी चिकट माती लागली की थांबतात. दोन दिवस जातात त्यात. एकदा मी बायकोला म्हटलं होतं की फावड्याने एका तासाचं काम आहे. ती म्हणाली, "झिऱ्याले लोखंड लावत नाही."

"काहून?"

"सासूबाई सांगत."

पुढे मी विचारलं नाही. बायकांच्या अशा पुष्कळ गोष्टी असतात, लग्नाच्या, बाळंतपणाच्या, ही त्यातलीच एक असेल म्हणून सोडून दिलं.

ती गेली पोळ्याच्या आठवड्यात. चहा ठेवायला वाकली ती तशीच कलंडली. मारेगावला नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. पोरगा पुण्याहून आला, पंधरा दिवस राहिला, मला चल म्हणाला. मी नाही म्हटलं. तो गेल्यावर मला कळलं की मला घरातलं मीठ कुठे आहे ते माहीत नाही.

पाणी मीच आणायला लागलो. पौषात झिरा उघडला तेव्हा गुंड घेऊन गेलो. तिथे माझी वहिनी होती. वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको, तीही एकटीच, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. माझी बायको गेल्यापासून झिऱ्यावर तिचाच हुकूम चालतो. मला पाहून सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"भाऊजी, थो गुंड हाय. लेकरासारखा पोटाशी काय धरता?"

"हसा तुमी. आणा भरून."

"आम्ही कायले आणू? बसा. वाटीनं काढा. आटलं की थांबा, परत भरू द्या."

बसलो. एक गुंड भरायला केवढा तरी वेळ लागतो. वाटी बुडवायची, तळ दिसला की हात आखडता घ्यायचा, पाणी परत वर येईपर्यंत वाट पाहायची. माझी बायको एवढा वेळ इथे बसत होती रोज, आणि मी घरी ओरडत होतो की चहा कुठे आहे. हे मला तिथे बसल्यावर समजलं. दुसऱ्या कशानेही समजलं नसतं.

एप्रिलात गावात बातमी आली की मंडळाला पोकलँड मशीन मिळालं आहे, काही दिवसांसाठी. टेकडीवर ते चढत नाही. म्हणून नाला खोल करायचा, पुलापासून वस्तीच्या वळणापर्यंत.

माझं डोकं फिरलं त्याला कारण होतं. आदल्या वर्षी याच मंडळाच्या बैठकीत माझी बायको आणि वहिनी उभ्या राहिल्या होत्या. टेकडीवर पाहिजे तेवढं खोदा, आम्ही येतो, पण नाल्यात मशीन घालू नका, झिरा जाईल. दुकानवाल्याने सगळ्यांसमोर शब्द दिला होता. त्याच शब्दावर आमच्या वस्तीतल्या अठरा बायका टेकडीवर गेल्या होत्या.

मी त्याच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. तशीच असू दिली.

"शब्द देल्ला होता ना बे तू तिले?"

"आबाजी, चिडू नका. काकूच्या तोंडावर मले नाही म्हणता आलं नाही. पण मशीन काय रोज रोज भेटते?"

"मेलेल्या माणसाचा शब्द मोडाले सोपा जाते, नाही?"

तो सोयाबीनच्या थैल्या नीट रचायला लागला. गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहत होती, मग थैल्यांकडे पाहायला लागली.

बैठक झाली ग्रामपंचायतीच्या अंगणात. आमची वस्ती एका बाजूला, गाव एका बाजूला. मंडळाच्या मधोमध एक बाई होती, यवतमाळची, पाण्याचं शिकलेली. तिला सगळे मॅडम म्हणतात. डोक्याला टोपी, हातात फीत आणि वही. टेकडीवरचे सगळे चर तिनेच आखलेले. माझी बायको तिला दशम्या बांधून न्यायची, घरात माझ्यासाठी शिळ्या उरायच्या. मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

दुकानवाला म्हणाला, "मे महिन्यात तुमचा झिरा कोणाची जीभ वली करते सांगा. वस्तीत नळ आले ना आता."

"तू पी थे नळाचं. मंग बोल."

"एका खड्ड्यासाठी साऱ्या गावाच्या विहिरी कोरड्या ठेवू काय?"

"तुह्या दुकानच्या औषधानं नाल्यातले मासे मेले. आता नालाच मारतं काय?"

आमच्या बाजूने हशा झाला. तो लाल झाला. त्याच्या मागून कोणीतरी म्हणालं की या लोकांना सुधारणा नकोच असते. ‘या लोकांना’ म्हणजे कोणाला, ते सगळ्यांना समजलं. आमचे दोघे उठले. बैठक तिथेच मोडली असती, पण मॅडम मध्ये आल्या.

"मोजून पाहू," त्या म्हणाल्या. "पुढच्या सोमवारी उजाडल्यापासून बारा वाजेपर्यंत झिऱ्यातून वीस गुंड निघाले, तर झिऱ्याच्या वर शंभर पावलं आणि खाली शंभर पावलं मशीन जाणार नाही. मी सही करून देते."

"अन् नाही निघाले तं?" दुकानवाला.

"तर काका आडवे येणार नाहीत."

"मंजूर," मी म्हटलं.

वहिनीने माझ्या बरगडीत कोपर मारलं. "वीस? कोणाले इचारून मंजूर केलं?"

"निघत नाही काय वीस?"

"दिवसभरात निघतात. बारापर्यंत कसे निघतीन? थे काय तुमच्या सासऱ्याची मोटर हाय?"

पण शब्द गेला होता. मॅडमने वहीत लिहिलं, मी अंगठा नाही, सही केली.

सोमवारपर्यंत मशीन पुलाच्या खाली, झिऱ्यापासून पाचेकशे पावलांवर काम करणार होतं. तिथपर्यंत आमची हरकत नव्हती. त्याची धडधड दिवसभर घरात ऐकू यायची. भांडी मांडणीवर वाजायची.

गुरुवारी मी झिऱ्यावर जाऊन बसलो आणि मोजलं. बारापर्यंत बारा गुंड. शुक्रवारी तेरा. शनिवारी परत बारा. मी वहिनीला म्हटलं, आपण हरलो.

ती म्हणाली, "हरत नाही. रविवारी कोणी पानी भराचं नाही. मी घरोघरी सांगतलं. एक दिवस सारे नळाचं पितीन. रविवारचं साचलेलं अन् सोमवारचं आलेलं मिळून पंचवीस होतात. तुमच्या बायकोनं केलंतं असंच, पोराच्या लग्नात. तुमी घरी बसा. हात लावू नका."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं तिने. मी ऐकलं होतं, समजलंही होतं. पण माझा भरवसा बसला नाही. कोणाच्याच बोलण्यावर बसत नव्हता त्या दिवसांत. डॉक्टर म्हणाला होता तिला काही नाही, पित्त आहे. पोरगा म्हणाला होता दर महिन्याला येतो. दुकानवाल्याने शब्द दिला होता.

रविवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन नाल्यात उतरलो. ऊन असं की वाळूवर पाय ठेवता येत नव्हता. बायकांनी त्या दिवशी जायचं नाही म्हणून ठरवलेलं, त्यामुळे चिटपाखरू नव्हतं. झिऱ्यात पाणी पोटरीपर्यंत साचलेलं. मी पाहिलं ते. एवढं पाणी मी त्या उन्हाळ्यात पाहिलं नव्हतं. तेव्हाच मागे फिरायला पाहिजे होतं.

मी काय विचार केला ते सांगतो. विहिरीला पाणी कमी पडलं की आम्ही तळ खोल करतो, सब्बलीने झऱ्याचं तोंड मोठं करतो. आयुष्यभर तेच केलं, माझ्या आणि लोकांच्या वावरात. झिऱ्याचं तोंड बायकांनी नरोटीने कोरून बारीक ठेवलं आहे, ते मोठं केलं की दुप्पट पाणी येईल, असं माझं गणित. आत उतरलो. पायाखाली पांढरी माती लागली, लोण्यासारखी गुळगुळीत. मधोमध सब्बल मारली. एक, दोन. तिसऱ्या घावाला ती हातभर आत गेली, माझ्या ताकदीने नाही, आपोआप. खाली काही नव्हतं.

वर काढली तेव्हा आधी बुडबुडे आले. मला वाटलं, लागला झरा. खूश झालो मी, खोटं कशाला सांगू. मग पाणी गोल फिरायला लागलं. माझ्या पोटरीवरून उतरलं, घोट्यावर आलं. मी दुपट्टा गोळा करून भोकात कोंबला, वर चिखल दाबला, त्यावर पाय देऊन उभा राहिलो. पायाच्या बाजूने गेलं. आमच्या भागात जमिनीखाली चुनखडीचा भेगाळ दगड आहे, मुकुटबनकडे त्याच्या खाणी आहेत, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. ती बोटभर जाडीची माती त्या दगडाच्या वर ताटासारखी होती आणि पाणी त्या ताटात होतं, एवढंच माहीत नव्हतं. बायकांना माहीत होतं. किंवा त्यांच्या सासवांना होतं.

एक बिडी संपते तेवढ्या वेळात झिरा कोरडा झाला.

मी वाळू ओढून भोक झाकलं. वरून पावलांचे ठसे पुसले. सब्बल घरी नेऊन धुतली. ती धुताना मी कोणाला शिव्या देत होतो माहीत आहे? दुकानवाल्याला.

सोमवारी सकाळी सगळं गाव काठावर. मॅडम वही घेऊन, दुकानवाला गॉगल लावून, बायका गुंड घेऊन. वहिनी खाली उतरली आणि तिथेच खाली बसली. तिने वाळूला हात लावला, मग दुसऱ्या जागी लावला. तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की जनावराचा वाटावा.

वरून दुकानवाला म्हणाला, "झालं? हाय काय पानी?" हसला नव्हता तो, पण आम्हाला हसल्यासारखं वाटलं.

वहिनी उठली. "तुह्या मशीनीनं फोडला! काल दिवसभर धडधड, धडधड. हादऱ्यानं तळ फुटला!"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले, कारण भांडण माझं होतं.

"हो," मी म्हटलं. "मशीननंच फोडला."

त्यानंतर थांबवणारं कोणी नव्हतं. वस्ती अख्खी नाल्यातून पुलाकडे निघाली. मशीन चालवणारा उडी मारून पळाला. दुकानवाल्याची कॉलर पकडली ती मी स्वतः. टीशर्टाची काय कॉलर असते, पण जी होती ती पकडली. "माह्या बायकोचा झिरा खाल्ला तू," मी त्याला म्हटलं, आणि त्या घडीला मला ते खरं वाटत होतं. त्याच्या गॉगलवर कोणीतरी पाय दिला. पोरींनी माती मारली. त्याने हात जोडले, म्हणाला, "चुकलं आबाजी. मले नव्हतं माहीत. चुकलं." संध्याकाळच्या आत मशीन ट्रेलरवर चढून गेलं. आम्ही जिंकलो. वस्तीत लोकांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

फक्त मॅडम पुलाकडे आल्या नव्हत्या. मी परतलो तेव्हा त्या झिऱ्यात गुडघ्यावर बसून हाताने वाळू काढत होत्या. पांढरी माती उघडी पडली होती आणि मधोमध भोक होतं, वाटीएवढं गोल, कडा साफ. त्यातून माझ्या दुपट्ट्याचं टोक दिसत होतं. त्यांनी ते ओढून बाहेर काढलं, पिळलं आणि माझ्याकडे धरलं.

"काका, इथे कोणी खोदलं का?"

"मशीनवाल्याले इचार."

त्यांनी दुपट्टा माझ्या हातात दिला आणि वही उघडली नाही. निघून गेल्या.

मला वाटलं होतं ती बाई बोलेल. बोलली नाही. मंडळाच्या बैठकीत तिने सगळं स्वतःवर घेतलं, की मशीनला परवानगी तिच्या सहीने गेली, चूक तिची. हे मला वहिनीनेच सांगितलं, खूश होऊन. गावातल्या मोबाइलवर मॅडमबद्दल काय काय फिरलं ते लिहिण्यासारखं नाही. बाईबद्दल जे फिरतं ते फिरलं. दुकानवाल्याच्या दुकानात आमच्या वस्तीने जाणं सोडलं. आणि टेकडीवर जाणंही सोडलं. अठरापैकी एकही बाई नाही.

वैशाख संपत आला तसा मी एक दिवस टेकडीवर गेलो. कशाला, माझं मला माहीत नाही. बायको खोदायची ती जागा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तिचे आदल्या सालचे चर खालच्या अंगाला ओळीने होते, त्यात गवत धरलेलं. वरच्या अंगाला त्या सालचे. त्यातले निम्मे अर्धवट, टोकं उघडी. वर दुकानवाला आणि दोन माणसं खोदत होती. तिघंच.

मला पाहून त्याने टिकास टेकवलं. "आले काय पाहाले? या. हसा."

"उघडी टोकं काहून ठेवली?"

"हात किती हाय मोजा ना तुमी. मोजाची हौस हाय तुमाले." त्याने खालच्या ओळीकडे बोट केलं. "पानी आलं की हे वरचे फुटतीन. सारा लोंढा खालच्या चरात. थेबी फुटतीन मंग. काकूचे. सांगा आता वस्तीले, हेबी माह्या मशीनीनंच फोडले म्हणून."

खाली उतरलो आणि सरळ वहिनीच्या अंगणात गेलो. ती खाटेवर धुतलेलं लुगडं पसरून त्यावर मुंगवड्या घालत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सब्बल, तिसरा घाव, दुपट्टा, सगळं.

तिचा हात थांबला नाही. चार वड्या घातल्या तिने. मग म्हणाली, "मी तुमाले काय सांगतलंतं? हात लावू नका."

"हो."

"पन्नास वर्सं थे वाटीनं पानी काढे. हौस होती काय तिले? लोखंड लावत नाही म्हणे तं थे काय मंत्र होता? तळ पातळ हाय म्हणून!"

"मंग सांगाचं ना तिनं मले!"

"तुमी इचारलं कुठं? एकदा इचारलं अन् चहा मागतला. मले सांगतलंतं तिनं. हसलो होतो आम्ही." मग तिने पिठाचा हात माझ्या तोंडासमोर नाचवला. "अन् मी त्या यवतमाळच्या पोरीले शिव्या देल्ल्या. माह्या तोंडानं. त्या दुकानवाल्यावर माती फेकाले माह्या नाती गेल्या. तुमच्यासाठी. भाऊजी, तिच्या जागी तुमी मेले असते तं झिरा राहला असता."

खरंच होतं ते.

"चुकलो," मी म्हटलं.

"माह्यापाशी नोका चुकू. जिथं कॉलर धरली तिथं बोला. उद्याच. नाही तं मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या अंगणात तिने सगळ्यांना जमवलं. मॅडमलाही फोन करून बोलावलं. मी उभा राहिलो. मला भाषण येत नाही. म्हटलं, झिरा मशीनने नाही फुटला, मी सब्बलीने फोडला, रविवारी दुपारी, आणि सोमवारी मी खोटं बोललो. बस. बसलो.

गावाच्या बाजूने शिट्या वाजल्या. आमच्या बाजूचे माना खाली घालून बसले, आणि ते शिट्यांपेक्षा वाईट होतं. माझ्या एकट्याच्या खोट्याने अख्ख्या वस्तीला खोटं पाडलं होतं. ‘या लोकांना’ म्हणणाऱ्याला मी आयतं दिलं होतं.

दुकानवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तुमचं वय पाहून हात उचलत नाही आबाजी. नाही तं आज इथंच पाडला असता."

"पाड."

"पुढच्या साली मशीन आणीन मी. लिहून ठेवा."

"आण. मी आडवा होईन. ह्या वख्ती तू चुकला नव्हता. पण तिचा शब्द तू आधी मोडला, थे काही मिटलं नाही."

"मिटवत कोण हाय?"

मॅडम मला काही बोलल्या नाहीत. त्या वहिनीशी बोलल्या. भोकात दगड भरायचे, त्यावर पांढरी माती पायाने मळून थरावर थर द्यायची, प्रत्येक थर ओला ठेवायचा. धरेल की नाही ते सांगता येत नाही. वहिनी म्हणाली, करू. आणि माती? माझ्या वावराच्या धुऱ्याला, बांधाच्या कडेला, तशीच माती निघते. मी नऊ बैलबंड्या आणल्या. काठावर ओतायच्या आणि जायचं, एवढीच मला परवानगी. खाली बायका मातीत नाचल्यासारख्या मळत होत्या आणि मॅडम त्यांच्यात, पँट गुडघ्यापर्यंत वळलेली.

टेकडीवरही बायका परत गेल्या, पण अठराच्या अकराच. चरांची उघडी टोकं पावसाआधी बंद झाली. त्या अकराजणी आणि दुकानवाला आजही एकमेकांशी बोलत नाहीत, चराच्या दोन टोकांना खोदतात. माझ्याशी तर दोन्ही टोकं बोलत नाहीत. मी मधे खोदतो. मला कोणी बोलावलं नव्हतं आणि कोणी जा म्हटलं नाही.

या सालचा नाला आटला तो मागच्या आठवड्यात. बायकांनी झिरा उघडायला घेतला. मी काठावर गेलो. वहिनी खालून ओरडली, "तिथंच बसा. पाय खाली टाकू नका." बसलो. दोन दिवस त्यांनी वाळू काढली, तिसऱ्या दिवशी गुंड घेऊन उतरल्या. मी बसलो होतो तिथून वळणामुळे खालचं दिसत नव्हतं. नुसता वाटीचा आवाज येत होता, थांबत थांबत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या वर चढायला लागल्या. पहिल्या तिघींच्या डोक्यावरचे गुंड भरलेले होते, त्यांच्या मानेवरून समजत होतं. चौथी वहिनी. तिचा रिकामा होता, कमरेवर घेतलेला. म्हणजे तळाने धरलं होतं, पण तीन गुंडांपुरतंच. ती माझ्यासमोर येऊन थांबली. मी वाटेतच बसलो होतो.

"सरका," ती म्हणाली.

मी सरकलो.